कागद अडकला पाहिजे

ऑर्डर घेताना गिऱ्हाईक जे बोलतं ते मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेते. नंतर आपल्याला आपल्या सोयीचं आठवतं, म्हणून. त्या दिवशीच्या पानावर चार ओळी आहेत: सोन्याची पेपरक्लिप. कोटाच्या कॉलरला लावणार. हिरा चालेल. कागद अडकला पाहिजे.

बाई निवृत्त हिशेबतपासनीस. सगळी नोकरी कागदांच्या गठ्ठ्यांत गेलेली. शेवटच्या ओळीला मी हसले, त्या हसल्या नाहीत. "नाहीतर ती क्लिप कसली?" म्हणाल्या. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, दोन दिवसांचं काम. तार ओढायची, तीन ठिकाणी वाकवायची, टोकं घासायची, चकाकी द्यायची.

पाच आठवडे लागले.

रोजच्या वापरातल्या वस्तूंवरून दागिने करणं हा माझा जुना नाद आहे. टाचणी, शर्टाचं बटण, वॉशर, पेन्सिलीचं साल. सालाची ती कातरलेली झालर सोन्याच्या पत्र्यात फार सुंदर दिसते, कधी करून बघा. पण या नादाला पहिला धक्का क्लिपच्या आधीच बसला होता, कपडे वाळत घालायच्या चिमट्यापाशी. मी तो मेणात कोरला होता. लाकडाच्या रेषा कोरल्या, स्प्रिंगचे वेढेसुद्धा एकेक करून कोरले. ओतकाम सुबक झालं. आमच्याकडे घडणीचं काम करणाऱ्या काकांच्या हातात मोठ्या ऐटीत दिला. त्यांनी तो दोन बोटांत धरून दाबला. मग परत दाबला.

"ताई, हा उघडत नाही."

"काका, पेंडंट आहे ते."

"असं होय," म्हणाले, आणि तो टेबलावर ठेवून आपल्या कामाला लागले. सोनारानेच कान टोचावे लागतात म्हणतात, ते असे. त्या दिवसापासून असा कुठलाही दागिना दिसला, मग तो कितीही मोठ्या पेढीचा असो, की मी मनातल्या मनात तो दोन बोटांत धरून दाबून बघते.

या परीक्षेत पहिल्या नंबराने पास होते ती व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्सची झिप. तशी झिप रोजच्या वस्तूंत बरीच तरुण. गिडियन सुंडबॅकने आजच्या घाटाची दातेरी झिप बसवली १९१३ च्या सुमारास. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस डचेस ऑफ विंडसरने, म्हणजे गादी सोडलेल्या इंग्लंडच्या राजाच्या बायकोने, या पॅरिसच्या पेढीला तिच्यावरून हार करायचं सुचवलं, असं सांगतात. हार प्रत्यक्ष तयार व्हायला १९५० साल उजाडलं. मधे युद्ध झालं हे खरं, पण मला वाटतं नुसत्या युद्धाने एवढा वेळ लागला नसावा. कापडी झिपमध्ये दात्यांना धरून ठेवणारी पट्टी मऊ असते, वळते, थोडं ताणून घेते आणि दात्यांमधली बारीकसारीक चूक पोटात घालते. सोन्यात तसं पोटात घालणारं कोणी नाही. पट्टी सोन्याच्या विणीची, दाते सोन्याचे, वर रत्नं, आणि एवढं सगळं मानेच्या वळणावर बसलं पाहिजे. तरी त्याचा सरक खरोखर सरकतो. उघडी ठेवली तर गळ्यात हार, बंद केली तर मनगटात ब्रेसलेट. आणि गंमत बघा, मराठीत आपण झिपला चेनच म्हणतो. पिशवीची चेन आणि गळ्यातली चेन हा फरक आपल्या भाषेनेही पुसून टाकलाय.

रोमच्या बुल्गारी पेढीचं ट्यूबोगास मला त्याहूनही आवडतं, कारण त्यात वस्तूचं रूप जवळजवळ नाहीच, नुसती कृती आहे. गॅस वाहून नेणारी लवचीक नळी असते ना, कड्याकड्यांची, तिच्यावरून ते नाव. १९४० च्या दशकात त्यांनी ते घड्याळांच्या पट्ट्यांना आणि ब्रेसलेटना आणलं. कडा दुमडलेल्या सोन्याच्या लांब पट्ट्या लाकडाच्या किंवा तांब्याच्या दांडीभोवती अशा गुंडाळायच्या की एकीची कड दुसरीत अडकेल, आणि मग आतली दांडी काढून टाकायची. कुठेही झाळकाम नाही. पट्टी पट्टीला धरून बसते ती निव्वळ आकाराच्या जोरावर. म्हणून ते मनगटाभोवती वळतं आणि सोडलं की परत आपल्या जागी येतं. काकांना चित्र दाखवलं तेव्हा ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "दांडी काढताना ज्याच्या हाताखाली असेल त्याला झोप लागत नसेल."

पॅरिसच्या एर्मेस पेढीच्या साखळीचंही तसंच. तिथल्या रोबेर ड्युमासने १९३८ साली नॉर्मंडीच्या बंदरावर नांगराची साखळी पाहिली आणि तिच्यावरून चांदीचं ब्रेसलेट केलं. नांगराच्या साखळीच्या कडीत मधोमध एक आडवी दांडी असते. ती शोभेची नाही. तिच्यामुळे कड्या एकमेकींत फिरून गुंता करत नाहीत आणि ताण आला की कडी चेपत नाही. ड्युमासने ती दांडी ठेवली. एखाद्या हौशी माणसाने "कडी जरा नाजूक दिसू दे" म्हणून पहिल्यांदा तीच काढली असती. मीही काढली असती, चिमट्याच्या आधी.

आता खिळा. खिळ्याशी माझं भांडण आहे आणि ते मिटत नाही. आल्डो चिपुल्लो हा इटालियन माणूस, कार्तिये या दागिन्यांच्या पेढीच्या न्यूयॉर्क शाखेसाठी काम करायचा. १९६९ साली त्याने स्क्रूने बंद होणारं ब्रेसलेट केलं, ते 'लव्ह' नावाचं. दोन अर्ध्या कड्या आणि सोबत इवलासा स्क्रूड्रायव्हर. तो माझ्या परीक्षेत पास आहे, मळसूत्र खरं आहे, पिळल्याशिवाय ब्रेसलेट निघत नाही. कलाकुसरीची जी फिरकी आपण कानामागे लपवतो ती याने पुढे आणून ठेवली. पण १९७१ साली त्याने सरळ एक खिळाच मनगटाभोवती वळवला. माथा एकीकडे, टोक दुसरीकडे. २०१२ साली तो नव्याने बाजारात आला, फ्रेंचमध्ये 'फक्त एक खिळा' अशा अर्थाचं नाव घेऊन. हा खिळा काही ठोकता येत नाही. वाकलेला खिळा म्हणजे तर खिळ्यांतला नापास विद्यार्थी. हातोडीचा घाव चुकला की जो होतो तो. माझ्या नियमाने तो बाद व्हायला हवा, पण मला तो बाद करता येत नाही. कदाचित खिळा सरळ असतो हे आपल्याला इतकं पक्कं माहीत असतं की तो गोल दिसला की हातालाच त्याचा बाक जाणवतो. कदाचित मी नियम वाकवतेय. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "टोक बोथट केलंय ना? मग ठीक."

न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीने २०१७ साली चांदीचा पत्र्याचा डबा काढला. हो, चांदीचा पत्र्याचा, शब्दच असे अडखळतात. तो डबा परीक्षेत पास आहे, त्यात पेन्सिली राहतात. पण टिनचा डबाही तेवढ्याच राहू देतो. मला त्यात काही सापडलं नाही. तो दागिना नव्हताच म्हणा.

पॅरिसच्या बूशरॉं पेढीचा जॅक मात्र मस्त. गाणी ऐकायच्या वायरीच्या टोकाला असते ती पिन. २०१९ साली त्यांनी तिचे दागिने काढले, एक टोक दुसऱ्यात खुपसायचं, लांब असेल तर गळ्यात, नाहीतर मनगटाभोवती वेढे. त्याआधीच, २०१६ पासून, आयफोनमधून त्या पिनेचं भोक गेलेलं होतं. म्हणजे वस्तू खिशातून बाहेर पडायला लागली आणि दागिना झाली. आज एखाद्या लहान पोराला तो जॅक दाखवला तर त्याला तो नुसता दागिनाच वाटेल.

पण मी क्लिपचं सांगत होते.

पहिली क्लिप मी हौसेने स्वतः केली. अठरा कॅरट पिवळं, म्हणजे शंभरात पंचाहत्तर भाग सोनं, बाकी चांदी आणि तांबं. तार एक मिलिमीटरपर्यंत ओढली, तापवून मऊ केली म्हणजे वळणं गोल येतील, आणि खऱ्या क्लिपवर ठेवून तंतोतंत वाकवली. दिसायला इतकी देखणी की मी लगेच फोटो काढला. वजनाला सव्वा ग्रॅम. तेवढ्याच मापाची पोलादी क्लिप अर्ध्या ग्रॅमच्या जरा वर भरते, सोनं त्या मानाने दुप्पट जड. मग बिलाचे दोन कागद घेऊन त्यात घातले. गेले. काढले. निघाले. क्लिप मात्र तशीच आ वासून राहिली.

पेपरक्लिप ही आपण समजतो तशी वाकवलेली तार नाही, ती स्प्रिंग आहे. कागद घातला की दोन्ही वेटोळी एकमेकांपासून दूर जातात आणि परत जवळ यायला धडपडतात. कागद त्या धडपडीत अडकतो. तार कायमची वाकली की धडपड संपली. या घाटाचं चित्र १८९९ सालच्या एका अमेरिकन पेटंटात सापडतं, विल्यम मिडलब्रुक नावाच्या माणसाचं. पण त्याने पेटंट घेतलं ते क्लिप करणाऱ्या यंत्राचं. श्रेय बहुधा योहान व्होलर या नॉर्वेच्या माणसाला दिलं जातं, पण त्याच्या क्लिपला आतलं दुसरं वेटोळंच नव्हतं. नॉर्वेचा विषय निघालाच आहे तर, दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा तिथे होत्या तेव्हा लोक कोटाच्या कॉलरला साधी पेपरक्लिप लावून फिरायचे, आम्ही एकमेकांना धरून आहोत हे सांगायला. आमच्या बाईंना हे ठाऊक नव्हतं. सांगितल्यावर म्हणाल्या, "मग मी काही पहिली नव्हे." जरा हिरमुसल्याच.

तर स्प्रिंग. सोन्याची स्प्रिंग हा प्रकार नवा नाही, उलट दागिन्यांची निम्मी गोष्ट तिथेच सुरू होते. आपली सेफ्टी पिन वॉल्टर हंटने १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये पेटंट केली आणि तो हक्क चारशे डॉलरला विकून टाकला. पण तिची खापरपणजी कांस्ययुगातली आहे. अंगावरचं वस्त्र खांद्यापाशी अडकवायला काशाची पिन, एका टोकाला तारेचे वेढे, दुसऱ्या टोकाला आकडा. तिलाच पुढे नक्षी आली, सोनं आलं, खडे आले आणि ब्रोच झाला. रोमन लोक तर किल्लीच अंगठीला जोडून बोटात घालायचे, कपड्यांना खिसे नव्हते म्हणून. तेव्हा "रोजच्या वस्तूवरून दागिना" हे काहीतरी आधुनिक खूळ आहे असं कोणी म्हटलं की मला गंमत वाटते. आधी वस्तूच होती. ती नक्षीखाली हळूहळू काम करायची थांबली.

दुसरी क्लिप काकांनी हातात घेतली. ते म्हणाले, तापवायचीच नाही. तार भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढताना दर भोकाला ती कडक होत जाते. एरवी आपण मधेमधे तापवून तिला मऊ करतो, नाहीतर ती तुटते. त्यांनी शेवटची पाच भोकं न तापवता ओढली. तार हातात टणटणीत झाली, वाकवताना चिमट्यातून उडी मारायची. ही क्लिप तीन कागद धरायची, पण ढिली. सोनं पोलादाच्या निम्म्यानेही ताठ नाही, त्याला इलाज नाही.

मग मी हुशारी केली. तारेचा ताठपणा जाडीबरोबर फार वेगाने वाढतो, जाडी दुप्पट तर ताठपणा सोळापट. म्हणजे एकाऐवजी जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची तार घेतली तरी पोलादाची बरोबरी व्हावी. कागदावर गणित सोन्याहून पिवळं. मी थेट दीड मिलिमीटरची घेतली, होऊन जाऊ दे म्हणून. तिसरी क्लिप एवढी घट्ट की कागद आत जाईना. जोर केला तर कागद फाटला आणि क्लिपही वाकली ती वाकलीच. जाड तार ताठ असते खरी, पण तेवढ्याच वाकण्यात तिची बाहेरची बाजू जास्त ताणली जाते, म्हणून ती कायमची वाकायलाही लवकर तयार होते. ताठ आणि चिवट हे दोन वेगळे गुण आहेत हे मला पुस्तकात माहीत होतं, हाताला त्या दिवशी कळलं.

मधे बाईंचा फोन. हिरा कुठे लावताय? मी म्हटलं, नको. हिऱ्याचं कोंदण बसवायचं तर झाळ द्यावी लागते, आणि जिथे आंच लागते तिथे तार परत मऊ पडते. हे कारण खरं होतं. पण लेसरने जराशी आंच देऊन ते जमवता आलं असतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. मला तो हिरा नको होता. हिरा लावला की क्लिप "मी महाग आहे" हे ओरडून सांगायला लागते, आणि मग तिच्याकडून कागद धरायची अपेक्षा कोणी करत नाही. त्या म्हणाल्या, "बरं, पैसे वाचले."

याच दिवसांत मी ॲनी आल्बर्सचे हार परत परत बघत होते. विणकर बाई. अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात विणकाम शिकवायच्या. मेक्सिकोत त्यांनी मोंते अल्बान या प्राचीन नगरातल्या थडग्यातला खजिना पाहिला, त्यात सोन्यामोत्यांच्या जोडीला साधे शिंपलेही मानाने बसवलेले. परत येऊन १९४० च्या सुमारास त्या आणि त्यांचा विद्यार्थी ॲलेक्स रीड सरळ हार्डवेअरच्या दुकानात शिरले. मोरीच्या जाळीला पेपरक्लिपा लोंबवून त्यांनी हार केला. खऱ्या क्लिपा, पोलादी. काही वितळवलं नाही, काही ओतलं नाही. माझ्या पाच आठवड्यांच्या झटापटीकडे तो हार फार शांतपणे बघतोय असं मला वाटायचं. आणि ओटो क्युंझली या स्विस दागिनेकाराने १९८० साली याच्या अगदी उलट केलं. काळ्या रबराचं कडं, आणि आत कोंबलेला सोन्याचा गोळा. बाहेरून नुसता फुगवटा दिसतो. सोनं आहे की नाही, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. नाव काय, तर 'सोनं आंधळं करतं'. असलं काही मी गिऱ्हाइकाला दिलं तर ते दुसऱ्या दिवशी कटर घेऊन येईल.

चौथी क्लिप जमली. तार सव्वा मिलिमीटरच्या आत, न तापवता ओढलेली, वेटोळी खऱ्या क्लिपपेक्षा जरा लांब म्हणजे वाकणं सगळ्या लांबीत वाटलं जाईल. आणि शेवटी एक युक्ती. लोहाराचं पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं. तांबं घातलेलं सोनं उलट्या स्वभावाचं. लालबुंद तापवून पाण्यात टाकलं तर मऊ राहतं, पण सावकाश निवू दिलं किंवा पुन्हा मंद आंचेवर मुरू दिलं तर आतल्या आत कडक होत जातं. आमच्या मिश्रणाला दोनशे ऐंशी अंशांच्या भट्टीत तासभर ठेवलं. बाहेर काढली तेव्हा काळपट झाली होती. साफ करून चकाकी दिली, आणि काकांनी ती दोन बोटांत धरून जराशी फाकवली, सोडली. टिक् असा आवाज आला. सोन्याचा असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

कागद मोजले. सात.

बाई घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी क्लिप आधी कॉलरला लावली नाही. पर्समधून कागद काढले, कडा टेबलावर आपटून जुळवल्या, लावली, उलटी धरून हलवली. मग म्हणाल्या, "चालेल." आयुष्यभर ताळेबंदांवर हाच शेरा दिला असणार.

चार महिन्यांनी परत आल्या. क्लिप आ वासलेली. घरात कोणीतरी ती कॉलरवरून काढून चाळीस-पन्नास पानांच्या गठ्ठ्याला लावली होती. कोणी ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटतं त्यांनीच. मला वाईट वाटलं, काकांना मात्र विलक्षण आनंद झाला. त्यांनी ती लाकडी ठोकळ्यावर ठेवून, तापवल्याशिवाय, हलक्या हाताने परत जागेवर बसवली. मी कागद मोजले. नऊ. वाकून परत बसवल्याने तार आणखी कडक झाली असणार.

आता आणखी एकदा अशी वाकली तर वळणापाशी तुटेल. ते मी बाईंना सांगितलंय आणि वहीतही लिहून ठेवलंय, त्याच पानावर, "कागद अडकला पाहिजे" च्या खाली.